दारातला काना

एक भिंत आणि तिचे दोन मालक, अशी पाळी पेंटरवर तीस वर्षांत पहिल्यांदाच आली होती.

भिंत दवाखान्याची. रस्त्याकडे तोंड करून उभी, पुरुषभर उंच, मधोमध लोखंडी फाटक. फाटकाच्या डावीकडची भिंत जांभळ्यांनी घेतली होती, उजवीकडची पिवळ्यांनी. पक्षांची खरी नावं लांबलचक होती, पण पेंटर त्यांना डब्यावरून ओळखायचा. जांभळा दोन हातांत बसतो, पिवळ्याला तीन हात मारले तरी खालचं दिसत राहतं, दोघांत एवढाच काय तो फरक, असं तो म्हणायचा. दोन्हीकडच्यांना तोंडावर म्हणायचा. ते हसून सोडून द्यायचे, कारण आसपासच्या चार गावांत दोरी न मारता सरळ अक्षर काढणारा दुसरा माणूस नव्हता.

सकाळपासून तो जुने पोपडे खरवडत होता. उजवा खांदा वर उचलला की सुई टोचल्यासारखं व्हायचं, म्हणून लोखंडी पट्टी डाव्या हातात. नाकातोंडाला फडकं. पट्टीखाली मागची निवडणूक निघत होती, तिच्याखाली तिच्या आधीची. एका मोठ्या पोपड्यावर 'येणार' हा शब्द आख्खाच्या आख्खा निघाला. त्याचंच अक्षर. त्यानं तो पोपडा उन्हात धरून पाहिला. तेव्हाचा 'ण' जास्त गोल होता. काय येणार होतं ते मात्र काही केल्या आठवेना.

दुपारी मजकुराचे कागद आले. आधी खडीवाल्या शेठचा माणूस आला. शेठ म्हणजे टेकडीमागच्या खडीमशीनचा मालक आणि जांभळ्यांचा इथला कर्ताधर्ता. कागदावर दोन ओळी होत्या. वर 'दवाखान्यात राजकारण नको', खाली 'डॉक्टर दरात, औषध हातात'.

पेंटर चौथीपर्यंत शिकलेला. पुढचं सगळं त्याला भिंतींनी शिकवलं. त्यानं खालची ओळ दोनदा वाचली आणि माणसाला म्हणाला, इथं काना राहिलाय, 'दारात' पाहिजे. माणूस म्हणाला, वरून आलंय, एक टिंब हलवायचं नाही, मंजूर झालेला मजकूर आहे. आणि गेला.

तासाभरात मास्तर आले. मास्तर पिवळ्यांचे. आयुष्यभर पोरांच्या हातावर काना-मात्रेसाठी छड्या ओढलेला माणूस, आता निवृत्त होऊन पक्षाच्या गळ्यात पडलेला. त्यांनी खिशातून घडी काढून दिली. पेंटरनं उघडली. वर 'दवाखान्यात राजकारण नको', खाली 'डॉक्टर दरात, औषध हातात'.

"मास्तर," तो म्हणाला, "काना कुठंय?"

मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला. ओठ हलले. मग त्यांनी कागद परत त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "वरून आलंय. बदलायचं नाही."

मास्तर गेले. पेंटर पोपड्यांच्या ढिगावर बसून दोन्ही कागद मांडीवर ठेवून पाहत राहिला. मजकूर एक असेल, समजू शकतो. दोघंही एकच थाप मारायला मोकळे आहेत. पण चूक? एकच चूक दोघांना कशी होते? शाळेत दोन पोरांच्या पाटीवर एकच चूक सापडली की हेच मास्तर दोघांनाही उभं करायचे, आणि मधल्या बाकावरच्या तिसऱ्यालाही, कारण बऱ्याचदा चूक त्याची असायची.

हा तिसरा कोण, हे आता त्याला कळायला हवं होतं. पेंटरला लहानपणापासून ही एक खोड. गोष्ट डोक्यात शिरली की ती उलगडेपर्यंत अन्न गोड लागायचं नाही.

त्यानं आखणी केली. भिंतीवर चुन्याचा पहिला हात दिला, वाळला तशी कोळशानं अक्षरं मांडली. मंजूर मजकूर जसाच्या तसा घ्यायचा होता, घेतला. फक्त 'द' आणि 'र' यांच्यामध्ये एका कान्याची जागा त्यानं सोडून दिली. दोन्ही बाजूंना.

* * *

घरी आला की पेंटर आधी अंगणात कपडे उतरवायचा, हातपाय रॉकेलनं आणि मग साबणानं घासायचा. रंगाचा वास अंगाला राहिला तर आत दादाला ढास लागायची.

दादा म्हणजे थोरला भाऊ. अठरा वर्षं शेठच्या खडीमशीनवर. दगड वरून पडायचा, खाली खडी व्हायची आणि मधली पिठी दादाच्या छातीत जायची. आता तो खाटेवर आडवा होऊ शकत नव्हता. पाठीमागे गोधड्यांची वळकटी, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानापर्यंत चढलेले. एक श्वास घ्यायचा म्हणजे ओझं उचलल्यासारखं सगळं अंग कामाला लागायचं. जेवताना घास आणि श्वास यांची मारामारी व्हायची, त्यात बहुधा घास हरायचा. हातगाडीवर दोन पोती एकट्यानं चढवणारा माणूस, आता पेंटरची बायको त्याला पाण्याचा तांब्या दोन हातांनी धरून द्यायची.

महिन्यापूर्वी त्याला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं होतं. तिथल्या डॉक्टरनं कागद दिला. हवेतला प्राणवायू वेगळा काढून देणारं यंत्र असतं, त्यावर सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास बसवा, काटा दोनवर ठेवा. तुमच्याकडच्या दवाखान्यात असेल तर रोज इथं यायची गरज नाही. नाहीतर पावसाळ्याच्या आत, असं म्हणून डॉक्टर थांबला होता.

यंत्र होतं. हीच तर गंमत. गावच्या दवाखान्यात होतं, कोरं करकरीत. महिन्याभरापूर्वी शेठनं स्वतः दान दिलं. मंडप घातला, भाषणं झाली, टाळ्या झाल्या. यंत्राच्या तोंडावर शेठचा हात जोडलेला फोटो होता, चिकटपट्टीचा, चांगला ताटाएवढा. ते काही सुरू करून दाखवलं नाही, कारण वीज सगळी मंडपाला लागली होती, आत उरलीच नव्हती. चार दिवसांत निवडणूक लागली. तालुक्याहून मोठ्या साहेबांचा आदेश आला की कुठल्याही पक्षाच्या माणसाचा फोटो असलेली वस्तू मतदान होईपर्यंत झाकून ठेवा, वापरू नका. झाकली.

पेंटरची बायको दवाखान्यात झाडलोट करायची. किल्ली तिच्या कमरेला. डॉक्टरची जागा रिकामी होती, सोमवारी आणि गुरुवारी तेवढी सिस्टर यायची. बाकी दिवस ही एकटी दार उघडायची, झाडायची, दार लावायची. यंत्र ती चादरीवरून पुसायची.

"भाऊजींचा श्वास इथं खाटेवर अडकलाय आणि हवा तिथं चादरीखाली," ती ताट वाढताना म्हणाली. "मधे काय आहे? ताटाएवढं थोबाड."

दादा हसायला गेला. हसणं त्याला परवडत नव्हतं. बराच वेळ खोकला आणि मग तुटक तुटक म्हणाला, "अठरा वर्षं... समोर होतं... तेव्हा कुठं... झाकलं कुणी."

* * *

सोमवारी पेंटर ब्रश बाजूला ठेवून सिस्टरकडे गेला. सिस्टर मनानं वाईट नव्हती. तिनं इस्पितळाचा कागद नीट वाचला, दोनवर काटा हेही तिला पटलं. पण फोटो. फोटो असताना सुरू केलं की पिवळे तक्रार करणार, सिस्टर जांभळ्यांचा प्रचार करते. बरं, फोटो खरवडला तर जांभळे म्हणणार, दात्याचा अपमान केला. तिची बदली कुठं होईल ते तिनं सांगितलं. गावाचं नाव ऐकून पेंटरलाही वाईट वाटलं.

"तुमच्या भिंतीवर काय लिहिताय?" तिनं विचारलं.

"दवाखान्यात राजकारण नको."

"मग बघा," ती म्हणाली. "तेवढं एक यंत्र सोडून कुठंही नाही."

त्याच दुपारी मधल्या बाकावरचं ते तिसरं पोर सापडलं.

गाडीतून एक मुलगी उतरली. विशी उलटलेली, पायात पांढरे बूट, हातात पाटीसारखं सपाट यंत्र. आधी तिनं डावीकडच्या भिंतीचा फोटो काढला आणि पाटीवर टिचक्या मारल्या. मग तिथंच वळून उजवीकडच्या भिंतीचा काढला आणि पुन्हा टिचक्या मारल्या. पेंटर शिडीवरून बघत होता. जांभळ्यांचं माणूस कधी पिवळी भिंत मोजत नाही. तो खाली उतरला.

"ताई, हा मजकूर तुमचा का?"

ती दचकली. मग हसली. हो म्हणाली. मोठ्या शहरात त्यांची कंपनी आहे, तिचं कामच ते, कुठं काय बोलायचं हे ठरवायचं.

"मग दोघांचंही करता?"

"काका, तुम्हीही करताच की."

पेंटरनं ब्रशवरचा जांभळा फडक्याला पुसला. बोटांवर पिवळा होताच.

मुलगी मोकळी होती, विचारलं ते सांगायची. तीही दिवसभर लोकांना प्रश्न विचारून कंटाळली होती आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं. फाटकाशी दोघं सावलीला बसली. बायकोनं पाणी आणून दिलं आणि झाडू हातात धरून तीही ऐकत उभी राहिली. मुलीनं सांगितलं ते असं. हजार घरांत जाऊन विचारलं. लोक सगळ्यात जास्त कशावर चिडलेत? दवाखान्यावर. डॉक्टर नाही, औषध नाही. आणि त्यावरून पक्ष भांडले की लोक आणखी चिडतात, दोघांवरही. म्हणून मग दोन्ही बाजूंच्या वरच्यांना पटवलं की या विषयावर एकच बोला. भांडू नका, आम्ही एकत्र आहोत म्हणा. लोकांना बरं वाटतं. आकडे तसं सांगतात.

पेंटरनं विचार केला. "म्हणजे डॉक्टर नाही म्हणून जांभळ्याचं मत जाणार नाही, आणि पिवळ्याचंही जाणार नाही."

"तसं... हो. तो मुद्दा मग बाजूला होतो."

"कुठल्या बाजूला?"

बायकोनं झाडूनं दवाखान्याच्या दाराकडे दाखवलं. "आत," ती म्हणाली. "चादरीखाली."

मुलगी आत जाऊन यंत्र बघून आली. येताना तिचा चेहरा उतरला होता, खोटं कशाला बोला. पण दोन्ही बाजूंच्या माणसांच्या परवानगीशिवाय तिलाही काही करता येत नव्हतं. जाता जाता पेंटरनं तिला काना दाखवला. तिनं पाटीवर पाहिलं आणि जीभ चावली. तिच्याच हातून राहिला होता, साठ गावांना तसाच गेला होता. घालून टाका ना काका, म्हणाली. पेंटर म्हणाला, घालतो की, जागा ठेवलीय.

* * *

आता उलगडलं होतं, पण पोट भरलं नव्हतं. दोघंही एकच म्हणतात. मग दोघांच्या एका होकारात यंत्र सुरू व्हायला अडचण काय? हे त्याला खरोखर बघायचं होतं, गाडं कुठं अडतं ते.

तो शेठकडे गेला. शेठनं त्याला ओटीवर तासभर बसवलं. बसलाच आहेस तर फाटकावरचा नंबर पुसट झालाय तो उजळून टाक, असं आतून सांगणं आलं. त्यानं उजळला. मग शेठ बाहेर आला, दात कोरत. दादाची चौकशी केली. चांगला कामकरी होता म्हणाला, पण तब्येतीची हेळसांड केली. यंत्र? यंत्र तर मी त्याच्यासारख्यांसाठीच दिलं. माझी कुठं ना आहे? पिवळ्यांना विचार. त्यांनी तक्रार करणार नाही असं म्हणू दे.

तो मास्तरांकडे गेला. मास्तरांनी बसायला खुर्ची दिली आणि आरोग्य या विषयावर चांगलं अर्धा तास सांगितलं. त्यांचीही ना नव्हती. पण शेठनं आधी फोटो काढावा. तो त्यानं आपल्या हातानं काढावा. आम्ही म्हणालो आणि त्यानं काढला असं दिसता कामा नये, आणि त्यानं न सांगता काढला असंही नको.

"मग कसं दिसायला पाहिजे?" पेंटरनं विचारलं.

मास्तरांनी बराच विचार केला आणि म्हणाले, वरून विचारून सांगतो.

तीन दिवस तो दोन दारांमध्ये असा हेलपाटे घालत राहिला. दुसऱ्या खेपेला शेठनं त्याला बाहेरच थांबवलं. तिसऱ्या खेपेला मास्तर घरात असून नाहीत म्हणून सांगितलं, पण त्यांचा चष्मा खिडकीच्या फळीवर दिसत होता. आणि चष्म्याशिवाय मास्तर अंगणापर्यंतही जात नाहीत हे सगळ्या गावाला ठाऊक. घरी दादाच्या नखांना निळं चढत होतं. पेंटरला रंग कळायचे. हा निळा कुठल्या डब्यात मिळत नाही.

* * *

पुढच्या बुधवारी शेठनं आपणहून बोलावलं. दवाखान्याच्या आवारात संयुक्त सभा ठरली होती. दोन्ही उमेदवार एका व्यासपीठावर येणार, हातात हात घेणार, मागं यंत्र. कल्पना मुलीचीच. वर्तमानपत्रवाले येणार होते. पण पिवळा उमेदवार शेठच्या फोटोशेजारी उभा राहायला तयार नव्हता आणि शेठ फोटो काढायला. शेवटी मार्ग निघाला. तेवढ्यापुरता झाकायचा.

"कागद लावला तर वाऱ्यानं उडेल, हसं होईल," शेठ म्हणाला. "पेंटर, चुना लाव. थोडा चिकट सरस घाल म्हणजे धरेल. सभा झाली की ओल्या फडक्यानं पुसून दे. माझा फोटो जसाच्या तसा पाहिजे."

"चुना लावू?"

"लाव."

पेंटर दवाखान्यात गेला. बायकोनं चादर काढली. शेठ हात जोडून हसत होता. पेंटर थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसला. चुन्याची बादली शेजारी होती, अर्धी भरलेली. त्यानं ती उचलली, बाहेर नेली आणि उजवीकडच्या भिंतीचा खालचा पट्टा राहिला होता तिथं सगळी ओतून फिरवून टाकली. मग परत आला. पिशवीतून पॉलिशपेपर काढला.

"अहो," बायको म्हणाली.

"वर तेलरंग नीट बसायला पाहिजे तर आधी घासावं लागतं," तो म्हणाला.

पहिल्या हाताला शेठचं नाक गेलं. दुसऱ्याला जोडलेले हात. मग पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा उघडून त्यानं एक जाड हात दिला, असा सपाट की कुठं ब्रशची रेघ दिसू नये. बायकोनं खिडक्या उघडल्या. वास जावा म्हणून पदरानं वारा घालत राहिली.

संध्याकाळी सभेला आवार भरलं. दादालाही आणला होता, हातगाडीवर बसवून, ज्या हातगाडीवर तो कधी पोती चढवायचा. यंत्र ओढून व्यासपीठावर ठेवलं होतं, पांढरं, चकचकीत, कुणाचंही नसलेलं. जांभळा उमेदवार बोलला की आरोग्य पक्षाच्या वर असतं. पिवळा बोलला की आरोग्य पक्षाच्या वर असतं. लोकांनी दोनदा टाळ्या वाजवल्या. मुलगी खाली उभी राहून हातानं खुणा करत होती. फोटोवाले पुढं सरकले. पिवळ्यानं मायेनं यंत्रावर पंजा टेकला, तसाच उचलला आणि जांभळ्यापुढं केला. जांभळ्यानं दोन्ही हातांनी तो घट्ट धरला.

धरला तो सुटेना लवकर. सुटला तेव्हा दोघांचे तळवे पांढरे आणि चिकट. पिवळा सदऱ्याला पुसायला गेला आणि सदराही बरबटला. कुणीतरी पाणी आणलं. पाण्यानं रंग आणखी पसरला. शेठ जागेवरून उठला, वाकून यंत्राजवळ नाक नेलं, आणि ताठ झाला.

पेंटर रॉकेलचं फडकं घेऊन व्यासपीठावर चढला. थांबवायला कुणाला सुचलं नाही, हात तर साफ व्हायला हवे होते. त्यानं आधी पिवळ्याचा हात आपल्या हातात घेतला, मग जांभळ्याचा. दोन्ही हात मऊ होते. तो एकेक बोट सावकाश पुसत होता. माइक मधे उभाच होता, चालू.

"साहेब," त्यानं विचारलं, "हे यंत्र सुरू करायला विरोध कुणाचा आहे?"

प्रश्न फार साधा होता आणि त्यानं तो चौकशी करावी तसा विचारला. त्याला खरंच ऐकायचं होतं. आवारात आवाज घुमला. पिवळ्यानं जांभळ्याकडे पाहिलं. जांभळ्यानं मुलीकडे पाहिलं. मुलगी पाटी छातीशी धरून उभी होती, तिनं कसलीच खूण केली नाही. हात पेंटरच्या हातात होते, त्यामुळे निघून जाणंही जमत नव्हतं.

"आमचा नाही," पिवळा माइकमध्ये म्हणाला.

"आमचा तर नाहीच नाही," जांभळा म्हणाला.

"कुणाचाच नाही," पेंटर म्हणाला आणि त्यानं हात सोडले. "सिस्टर, ऐकलं ना?"

सभेसाठी वार नसताना आलेली सिस्टर मागच्या रांगेतून म्हणाली, ऐकलं.

पांगापांग झाल्यावर शेठनं त्याला भिंतीआड गाठलं. आवाज चढवला नाही. त्याला आवाज चढवावा लागत नसे. "चुना लाव म्हटलं होतं ना तुला?"

"चुना संपला, शेठ," पेंटर म्हणाला. "होता नव्हता तेवढा सगळा भिंतीवर लागला."

* * *

गुरुवारी सकाळी सिस्टरनं मोठ्या साहेबांना फोन लावला. पेंटर, त्याची बायको, हातगाडीवर दादा, सगळे दारात उभे. फोटो आहे का, साहेबांनी विचारलं. नाही, सिस्टर म्हणाली. मग मला कशाला विचारता, असं म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

सिस्टरनं बाटलीत पाणी भरलं, नळी जोडली, बटण दाबलं. यंत्र एकदा कण्हलं, मग घर्रऽ फुस्स, घर्रऽ फुस्स असा ठेका धरला. काटा दोनवर. नळी दादाच्या नाकाशी बसवली. सुरुवातीला दादा तिच्याशीही भांडत होता, सवयीनं, खांदे वर ओढून. पेंटर समोर उकिडवा बसून बघत होता. पाव तास गेला. खांदे एक बोट खाली आले. मग आणखी एक. मग हात गुडघ्यांवरून सुटले आणि मांडीत पडले, उताणे, काही न धरता. ते हात असे रिकामे पेंटरनं वर्षभरात पाहिले नव्हते.

"रंगाचा वास येतोय," दादा म्हणाला. एका श्वासात. चारही शब्द.

चार नव्हते, तीनच होते. पण बायकोनं घरी गेल्यावर शेजारणींना चारच सांगितले, आणि पेंटरनं ते तसेच राहू दिले.

दुपारी शेठचा निरोप आला की उरलेल्या भिंतींना पेंटरनं हात लावू नये. संध्याकाळी मास्तरांकडूनही तसाच निरोप आला, जवळजवळ त्याच शब्दांत. या एका मुद्द्यावर दोन्ही पक्षांचं खरोखर एकमत झालं होतं. पेंटरनं निरोप ऐकला आणि ब्रश धुवायला घेतले. निवडणुकीनंतर दुकानांच्या पाट्या असतात, शाळेचे फळे असतात. कसंतरी निभावेल. निभावलं नाही तर तेही बघता येईल.

मुलगी जायच्या आधी एकदा आली. आत यंत्राचा आवाज थोडा वेळ ऐकत उभी राहिली. मग बाहेर येऊन भिंतीसमोर थांबली. दोन्हीकडे ठसठशीत अक्षरं, जांभळी आणि पिवळी, आणि दोन्हीकडे 'द' आणि 'र' यांच्यामध्ये पडलेल्या दातासारखी ती फट.

"काका, काना घातला नाहीत?"

"डॉक्टर आला का?" पेंटरनं विचारलं.

तिनं दवाखान्याच्या दाराकडे वळून पाहिलं.

"येईल तेव्हा घालीन," तो ब्रश झटकत म्हणाला. "तोवर कुणाच्या भिंती मोजायला गेलात की बघत जा. साठ गावांत कुठं कुठं काना लागलाय, ते मला कळवा. मला बघायचंय."